पाठ उघडी ठेवलेलं चित्र

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक फ्रेमवाले होते. माझी लेक पाच वर्षांची असताना त्यांना काटकोनकाका म्हणायला लागली, आणि मग सगळी इमारतच तसं म्हणायला लागली. नाव चपखल होतं. माणूस उभा राहिला तरी जमिनीशी काटकोन करून उभा राहायचा. कप बशीच्या मधोमध नसला तर आधी कप सरकवायचे, मग चहा प्यायचे. कुणाच्या घरी गेले की नजर भिंतीवर जायची आणि एखादा फोटो तिरका दिसला की बोलणं अर्ध्यावर थांबायचं. "एक मिनिट हं," म्हणून उठायचे, बोटानं कोपरा जरासा वर सारायचे, आणि राहिलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू.

"झोपतातसुद्धा पट्टीनं आखल्यासारखे," वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. "मी कुशीवर वळले की म्हणतात, तिरकी झालीस."

दुकान म्हणजे एक खोली. एका भिंतीला उंचीनुसार उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या, दुसऱ्या भिंतीला काचा, मधे टेबल आणि त्याच्यावर करवत. सरसाचा आणि भुश्शाचा वास जिन्यापर्यंत यायचा. काच कापताना ते श्वास धरायचे. काच कापायची हिरकणी एकदाच फिरवायची, दुसऱ्यांदा नाही. "दुसऱ्यांदा फिरवली की काच रागावते," असं म्हणायचे. मग टेबलाच्या कडेवर काच हलकेच दाबायची, आणि तो एक टक् असा आवाज. माझी लेक शाळेतून आली की त्या आवाजासाठी दप्तरासकट दुकानात जाऊन उभी राहायची आणि मी वरून हाका मारत बसायचे. काच आहे तिथं, लागेल, बोट कापेल. कधीच कापलं नाही. काका तिला नेहमी टेबलाच्या त्या बाजूला उभं करायचे जिथं काच येत नाही.

त्यांच्या धंद्यात कुणाची नव्हती अशी एक पद्धत त्यांची होती. फ्रेम पोचवली त्या दिवशी ते चित्र टांगायचे नाहीत. ज्या भिंतीवर लावायचं तिच्याशी दोन लाकडी ठोकळे ठेवायचे आणि चित्र त्याच्यावर उभं करायचं, तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे. पाठीला कागद लावलेला नसायचा. हत्यारांची पिशवी तिथंच ठेवून घरी यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाची ताजी खळ डब्यात घेऊन जायचे, पाठीवर तपकिरी कागद चिकटवायचे आणि मग चित्र टांगायचे.

"मालकानं एकदा पाठ बघायला हवी," ते म्हणायचे. "कुठं ठिगळ आहे, कुठं डाग आहे, कुणी काय लिहिलंय. मग झाकली की झाकली."

लोकांना हे पटायचं नाही. संध्याकाळी पाहुणे येणार आणि चित्र रुसून भिंतीकडे तोंड करून बसलेलं. एकानं तर विचारलं होतं, "याची समजूत आम्ही घालायची की तुम्ही येऊन घालणार?" काका म्हणाले, "उद्या दहाला मी येतो. तोवर त्याच्या पाठीशी बोला." काम मात्र इतकं नेटकं, की लोक एक दिवसाचा रुसवा सहन करायचे.

शहरातली एक मोठी गॅलरी त्यांच्याकडूनच फ्रेम करून घ्यायची. तिच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. पांढरे कपडे, कधी न चढणारा आवाज. प्रदर्शनाच्या दिवशी तिथं अशी माणसं यायची, जी चित्रासमोर देवळात बोलावं तसं हळू बोलतात आणि एकमेकांच्या घरांबद्दल जोरात. काका मागच्या दारानं जायचे आणि मागच्या दारानं यायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "मी मागचाच माणूस," म्हणायचे.

माझ्या लेकीला नोकरी त्या गॅलरीत लागली ती त्यांच्यामुळे. शिक्षण झालं, सहा महिने घरात बसून होती, मी देवाला आणि तिला दोघांनाही छळत होते. एक दिवस काका स्वतः मॅडमशी बोलले. "मुलीची नजर चांगली आहे. लहानपणापासून काच कापताना बघत आलीय," एवढीच शिफारस. तेवढी पुरली.

आठ महिन्यांनी ते सगळं झालं.

शहरात एक निवृत्त सर्जन होते, एकटेच राहणारे, चित्रांचा नाद असलेले. त्यांनी मॅडमकडून एक चित्र घेतलं. चित्रकार चाळीस वर्षांपूर्वी वारलेला, चित्र पन्नास वर्षं एकाच घराण्याकडे होतं, असं बरोबरच्या माहितीपत्रात लिहिलेलं. एका सोमवारी दुपारी काकांनी चित्र सर्जनांच्या घरी नेलं, नेहमीप्रमाणे ठोकळ्यांवर उभं केलं, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि चार वाजता निघाले. मंगळवारी सकाळी कामाला येणाऱ्या बाईनं दार उघडलं तर सर्जन दिवाणखान्यात पडलेले, डोक्याला घाव. पिशवीतल्या हातोडीवर रक्त. दार फोडलेलं नाही, काही चोरीला गेलेलं नाही. आणि चित्र भिंतीवर टांगलेलं.

पोलीस पंचनामा करत असताना बरोबर दहा वाजता काका खळीचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"हे कोण?"

"फ्रेमवाला. काम राहिलंय."

"काम तर झालेलं दिसतंय," इन्स्पेक्टर भिंतीकडे बघून म्हणाले. "चित्र टांगलंय, हातोडी तुमची आहे. अजून काय राहिलं?"

"मी नाही टांगलं," काका म्हणाले. "ही बघा खळ. कागद लावायचाय अजून."

तिथला एक शिपाई हसला म्हणे. "खळ दाखवून सुटलेला माणूस मी तरी अजून पाहिला नाही."

हे मला वहिनींनी सांगितलं, पाचव्या दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात. कोठडीत त्यांना दहा मिनिटं भेटू दिलं होतं. त्या दहा मिनिटांत काकांनी रडगाणं गायलं नव्हतं, जेवणाचं विचारलं नव्हतं. एकच गोष्ट पाठ करून घेतली होती, आणि वहिनी ती हातातला रुमाल पिळत मला म्हणून दाखवत होत्या.

"ते म्हणाले, चित्र उतरवा आणि पाठ बघा. पाठीला कागद नसणार. कागद लावल्याशिवाय मी चित्र टांगलंय का कधी आयुष्यात? म्हणजे टांगणारा दुसरा आहे. आणि म्हणाले, चित्राचं कापड ज्यांनी ताणलंय त्या मागच्या पिना नव्या आहेत ताई, मशीननं मारलेल्या. कापडामागचं लाकूडही नवं, चहाचं पाणी फासून जुनं केलेलं. चित्र जुनं नाहीच. सर्जनांनी पाठ बघितली असणार आणि ज्यानं विकलं त्याला बोलावलं असणार. तोंडी सांगितलं तर ऐकत नाहीत. लेखी दिलं की उत्तर द्यावं लागतं. ताई, तुम्ही शिकलेल्या. तुमची भाषा, तुमचं अक्षर. एवढा अर्ज लिहा."

मी कागद घेतला. लिहायला बसले. आणि 'ज्यानं विकलं' या शब्दांपाशी माझं पेन थांबलं.

कारण दोन महिन्यांपूर्वी लेक मला कौतुकानं सांगत होती, आई, आज पहिल्यांदा माझी सही लागली, मोठ्या चित्राच्या माहितीपत्रावर. मॅडमनी मजकूर सांगितला, मी टाइप केला आणि खाली 'तपासले' म्हणून सही केली. मी तिला त्या दिवशी दोन वेळा विचारलं होतं, पेन चांगलं होतं ना, शाई पसरली नाही ना. तेच हे चित्र.

पाठ बघितली की चित्र खोटं निघणार. खोटं निघालं की माहितीपत्र बाहेर येणार. त्याच्या खाली माझ्या चोवीस वर्षांच्या लेकीची सही. खुनाच्या प्रकरणात.

मी अर्ज लिहिला. सुंदर लिहिला. त्यांचं वय लिहिलं, रक्तदाब लिहिला, तीस वर्षांचा सचोटीचा व्यवसाय लिहिला, इमारतीतल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन जोडल्या. 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' असं लिहिलं. पाठीबद्दल एक ओळ लिहिली नाही. वहिनींना वाचता येतं, पण अक्षर अक्षर लावून, आणि जोडाक्षरांना अडखळतात. त्यांनी कागद डोळ्यांना लावला, जिथं मी बोट ठेवलं तिथं सही केली आणि म्हणाल्या, "पाठीचं लिहिलंत ना नीट?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

अर्ज गेला, आणि त्याचं उत्तर आलं नाही. सहानुभूतीला कोण उत्तर देतं?

ते दिवस मी कसे काढले हे सांगण्यात काही अर्थ नाही, कारण काढले दुसऱ्यानं. मी फक्त लेकीला दिवसातून सहा फोन करत होते. पोचलीस का, जेवलीस का, मॅडम काही बोलल्या का. मॅडम रडत होत्या, असं ती सांगायची. सर्जन त्यांचे जुने स्नेही होते.

काकांच्या अटकेला सतरा दिवस झाले त्या दिवशी कोठडीचं लोखंडी दार बंद होताना त्यांचा उजवा हात मधे सापडला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही चेंगरली. वहिनी आल्या तेव्हा रडल्यासुद्धा नाहीत. "हिरकणी धरायची बोटं गेली," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या ओट्यावरचा तिरका झालेला डबा सरळ करून ठेवला. नवऱ्याची सवय लागली होती त्यांना.

त्या दिवशीसुद्धा मी गप्प राहिले. ते वाक्य अर्जात असतं तर तो हात त्या दारात नसता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

पुढचे अकरा दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी लेक आली ती चप्पल न काढताच आत आली.

"आई, अर्जाची झेरॉक्स कुठंय?"

"कशाला?"

"काकू जिन्यात भेटल्या. विचारत होत्या, चित्राची पाठ बघितली का गं कुणी. म्हणाल्या, तुझ्या आईनं लिहिलंय अर्जात. काय पाठीचं?"

मी म्हटलं, हात-पाय धू आधी. तिनं स्वतःच खण उघडला. उभ्यानं वाचलं. मग मागे काही आहे का म्हणून कागद उलटून पाहिला.

"यात नाहीये."

"राहून गेलं असेल."

"तुझं काही राहून जात नाही, आई. मी कोपऱ्यावर पोचायच्या आत डबा, छत्री, किल्ली असे तीन फोन येतात तुझे."

मग मी सांगितलं. पिना, लाकूड, तिची सही. तिनं खाली बसून ऐकलं.

"मी तपासलं नव्हतं काही," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या कर सही, मी केली."

"म्हणूनच तर. पाठ बघितली असती तर आधी तुला धरलं असतं."

"म्हणजे माझी खोटी सही झाकायला काका आत आहेत." ती आवाज न चढवता बोलत होती, आणि त्याचीच मला भीती वाटली. "त्यांचा हात गेला, आई. त्यांनी नोकरी लावली मला."

"तू आई झालीस की कळेल तुला."

"नको," ती म्हणाली. "असं कळणार असेल तर नको."

सकाळी ती एकटी गेली. मी मागे जायला निघाले तर म्हणाली, तू येऊ नकोस. इन्स्पेक्टरना तिनं आपल्या सहीपासून सगळं सांगितलं आणि चित्र उतरवायला लावलं. पाठ उघडी होती. नव्या पिना चकाकत होत्या. काकांनी बनवलेल्या फ्रेमच्या मागच्या पट्टीवर मॅडमच्या बोटांचे ठसे सापडले. सर्जनांनी त्यांना बोलावून घेतलं होतं, पोलिसांत जाईन म्हणाले होते. मॅडमनी जवळ पडलेल्या पिशवीतली हातोडी उचलली, आणि नंतर पाठ कुणाला दिसू नये म्हणून त्याच हातोडीनं खिळा ठोकून चित्र टांगलं. फ्रेमवाल्यांचं काम कसं संपतं हे बाईंना माहीत नव्हतं. मागच्या दारानं येणाऱ्या माणसाचं काम कोण बघत बसतं?

लेकीचं नाव तीन दिवस पेपरात आलं. चौथ्या दिवशी आलं नाही. तिची चौकशी झाली, तिला साक्षीदार केलं, नोकरी अर्थातच गेली. आता ती एका ग्रंथालयात आहे आणि मजेत आहे. ज्या आकाशाला मी इतके दिवस टेकू लावून उभी होते, ते पडलंच नाही.

काका सुटून आले त्या दुपारी मी चहा घेऊन दुकानात गेले. हाताला पट्टी होती. ते टेबलासमोर बसून काचांकडे बघत होते.

"टांगलं होतं मात्र सरळ," ते म्हणाले. "बाईंचा हात साफ."

मी कपबशी त्यांच्यासमोर ठेवली.

"ताई, सर्जनसाहेबांचं मरण माझ्या अंगावर आहे," ते थोड्या वेळानं म्हणाले. "पिना मला दुकानातच दिसल्या होत्या. मी बोललो नाही. म्हटलं, मोठ्या लोकांचं काम, पाठ उघडी ठेवतो, बघतील त्यांचे ते. मी त्यांना म्हटलं असतं, साहेब, हे खोटं आहे, घेऊ नका, तर आज ते जिवंत असते. तोंड असून बोललो नाही, हे वाईट."

माझ्या आयुष्यात बोलायची वेळ कधी आली असेल तर ती तीच. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी आपलं माझ्यासमोर ठेवलं होतं.

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं कप बशीच्या मधोमध सरकवला.

पुढची चार वर्षं दुकान वहिनींच्या हातांनी चाललं. ते शेजारी बसून सांगायचे, त्या कापायच्या. पहिल्या महिन्यात काचेचा ढीग फुटला. "दुसऱ्यांदा नको फिरवू," ते म्हणायचे. "पहिल्यांदा तरी कुठं धड फिरलीय," त्या म्हणायच्या. मग एक दिवस तो टक् असा आवाज जिन्यात ऐकू आला आणि मी दोन पायऱ्यांच्या मधे थांबले. काकांनी माझ्याशी वागणं कधी बदललं नाही. माझा फोटो तिरका असला तर डाव्या हाताच्या बोटानं सरळ करायचे. मला वाटायचं, त्यांना ठाऊक नाही. वाटून घ्यायला बरं पडायचं.

दीड महिन्यापूर्वी ते जिना चढून वर आले, बगलेत कागदात गुंडाळलेली फ्रेम. माझ्या लेकीनं सहा वर्षांची असताना खडूनं काढलेलं चित्र, टेबलामागे उभे काटकोनकाका, अंगाचे सगळे कोपरे टोकदार. इतकी वर्षं दुकानात नुसतं चिकटपट्टीनं लावलेलं होतं. आता पट्टी वहिनींनी कापली होती, माप त्यांचं होतं.

"लेकीच्या आईकडे असावं," ते म्हणाले. माझ्या खोलीत खाटेसमोरच्या भिंतीशी दोन ठोकळे ठेवले आणि चित्र त्यांच्यावर उभं केलं, तोंड भिंतीकडे. कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिले. "उद्या दहाला येतो कागद लावायला."

ते गेल्यावर मी वाकून बघितलं. चित्राला आधार म्हणून मागे जो कागद भरलेला होता, त्यावर माझं अक्षर होतं. 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' वकिलानं त्यांना प्रकरणाचे सगळे कागद दिले होते, त्यातली माझ्या अर्जाची प्रत. चार वर्षं ती त्यांच्याकडे होती. ती त्यांनी मला दाखवली, आणि एका दिवसात झाकून टाकणार होते. पिठाच्या खळीनं, तपकिरी कागदाखाली, कायमची. त्या रात्री मी खाटेवर बसून राहिले आणि वाट बघत राहिले की दहा वाजावेत. दहा वाजले की मी बोलणार होते. यावेळी चहा करणार नव्हते.

पहाटे त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चित्र तिथंच आहे. परवा वहिनी आल्या होत्या, म्हणाल्या, "ताई, त्यांचं शेवटचं काम अर्धं राहिलंय तुमच्याकडे. मला रोज डोळ्यांसमोर येतं. रविवारी दहाला येते, खळ करून आणते. कागद लावून टांगूनच टाकू."

मी हो म्हणाले. लेकीला फोन करून विचारलं, काय करू. ती म्हणाली, "मला नको विचारूस, आई." थोड्या वेळानं तिनंच परत फोन केला आणि म्हणाली, "मी येऊ का रविवारी?" मी म्हटलं, नको.

तो कागद काढायला एक मिनिट लागेल. चार पिना आहेत, त्याही सैल, त्यांच्या डाव्या हातानं मारलेल्या. त्याच्या जागी एखादा कोरा पुठ्ठा घातला तर वहिनींना काही दिसणार नाही. पण पाठ मालकानं बघायला हवी, असं ते म्हणायचे, आणि त्या अर्जाची मालक मी एकटी नाही. त्याच्याखाली वहिनींची सही आहे, मी जिथं बोट ठेवलं होतं तिथं.

उद्या रविवार आहे. मी कागद काढलेला नाही. वहिनी अक्षर अक्षर लावून वाचतात, जोडाक्षरांना अडखळतात. तेव्हा मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि जे त्यात नाही, तेही.